परत न घेण्याच्या अटीवर

९ फेब्रुवारी

धाकट्या,

चष्म्याच्या दुकानाची किल्ली काल नव्या मालकाच्या हातात ठेवली. रडू येईल म्हणून दोन रुमाल घेऊन गेले होते. पण त्याने आल्या आल्या विचारलं, "मावशी, हा आरसा थोडा तिरका बसलाय ना?" आणि माझं रडू कुठल्या कुठे पळालं. तुझ्या भावजींनी तो मुद्दाम तिरका लावला होता, गिऱ्हाइकाची हनुवटी जरा बारीक दिसावी म्हणून. आता हा तो सरळ करील आणि लोकांना आपले खरे चेहरे दाखवील. त्याचं तो बघून घेईल.

मुद्द्याचं लिहिते. दुकानाचे पैसे बँकेत येऊन पडलेत आणि मला स्वस्थ बसवत नाही. हे जाऊन वर्ष होत आलं. आपल्या दोघांच्याही घरी मूलबाळ नाही. माझं दोन खोल्यांचं भाडं आणि खाणंपिणं महिन्याच्या पेन्शनीत भागतं. तू म्हणशील, म्हातारपणाला ठेव. म्हातारपण आलंय रे, आणखी कुठलं यायचं राहिलंय?

आमच्या जिल्ह्यात एक समाजनिधी आहे. बऱ्याच लोकांनी दिलेल्या रकमा ते एकत्र गुंतवतात आणि त्याच्या व्याजातून दरवर्षी जिल्ह्यातल्याच कामांना मदत करतात. आपला पैसा कुठल्या कामाला जावा ते देणाऱ्याने सुचवायचं. तिथल्या सल्लागार बाई वयाने लहान आहेत पण बोलतात सावकाश, मला ते आवडलं. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, मुद्दलाला कधीच हात लावायचा नाही, फक्त व्याज द्यायचं, म्हणजे आपण मेलो तरी काम चालू. दुसरा, पाच-सहा वर्षांत सगळं देऊन मोकळं व्हायचं, म्हणजे त्याचं काय झालं ते आपल्या डोळ्यांनी बघता येतं. दोन्हीत अट एकच. दिलेलं परत मिळत नाही.

म्हणून आधी तुला विचारते. तुला काही हवंय का? भट्टी जुनी झाली आहे, बेकरीचं छप्पर गळतं असं तू मागे म्हणाला होतास. आधी घरचं, मग गावचं. माझ्याशी लाजायचं काम नाही, तुझ्या चड्डीची नाडी मी बांधून दिली आहे. फोनवर तू "बरं, बरं" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहून विचारते. उत्तरही लिहूनच दे.

तुझी ताई


२० फेब्रुवारी

ताई,

अक्षर बघून दचकू नकोस. लिहिते आहे तुझी वहिनी, बोलतोय मीच. ट्रे काढताना उजवा हात भाजला, पट्टी बांधली आहे. हिने मधेच स्वतःचं काही घुसडलं तर तुला लगेच कळेल, कारण ते शहाणपणाचं असेल.

मला काही नको. छप्पर दुरुस्त झालं. भट्टीवर आता कारागीर उभा राहतो, चांगला तयार झालाय, पाव माझ्यापेक्षा फुगतो. मी वर बसून आराम करतो. इतकी वर्षं पहाटे उठून पीठ मळलं, आता लोळतो म्हणून कोणी नावं ठेवणार नाही. ही ठेवते, पण हिला तेवढीच करमणूक.

निधीचं ऐकून फार बरं वाटलं. कायमचाच कर. मुद्दलाला कोणाचाही हात लागता कामा नये, तुझासुद्धा. आणि कामाचं विचारशील तर चष्मे नकोत. चष्मे तू जन्मभर दिलेस. तुमच्याकडे अंथरुणावर पडलेल्या माणसांच्या घरी जाणाऱ्या नर्सची काही सोय आहे का ते बघ. दवाखाना अशा माणसाला घरी पाठवतो, इथे ठेवून उपयोग नाही म्हणतो, आणि मग घरातलं एकच माणूस त्याला उचलत, पुसत, भरवत बसतं. आमच्या गिऱ्हाइकांत एक आहे तसा. त्याच्यावरून सुचलं.

आणि सही लवकर कर. एक छत्री घ्यायला तू तीन दुकानं पालथी घालतेस, मला ठाऊक आहे. हे तसं करू नकोस.

धाकटा


१८ मार्च

धाकट्या,

वहिनी फोनवर म्हणाल्या, अजून पट्टीच आहे? भाजलेलं इतके दिवस राहत नाही. मुकाट्याने रक्तातली साखर तपासून घे. बेकरीवाल्याला मधुमेह झाला तर गावाला हसायला निमित्त होईल.

तुझी नर्स सापडली. आमच्या जिल्ह्यात अशी सोय खरंच आहे, एका छोट्या संस्थेची. एकच नर्स, एक स्कूटर, आणि तिच्या वाट्याला एवढी घरं की आठवड्यातून एकदा कशीबशी पोचते. सल्लागार बाई म्हणाल्या, पैसे देण्याआधी काम बघून या. म्हणून मी तिच्या मागे स्कूटरवर बसून गेले. या वयात. हेल्मेट घालून मी कशी दिसत असेन ते तूच मनात आण.

आम्ही एका निवृत्त बसड्रायव्हरच्या घरी गेलो. अर्धं अंग गेलेलं, बोलणं गेलेलं, डोळे मात्र सगळीकडे फिरतात. नर्स आत शिरली तशी त्याची बायको आमच्याशी अक्षर न बोलता न्हाणीघरात गेली. मला वाटलं, काय माणसं आहेत, या-बसा नाही. नर्सने त्याच्या अंगाखालची चादर दोन्ही हातांत गुंडाळून धरली आणि त्याला एका दमात कुशीवर वळवलं. पाठीवर जखमा झाल्या होत्या, त्या धुतल्या. मी नुसती तिचा औषधांचा डबा धरून उभी होते. बऱ्याच वेळाने त्याची बायको केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आठवडाभरात डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं." मग तिने चहा केला.

घरी आल्यावर मी बराच वेळ जेवले नाही. तू पाव भाजणारा माणूस, तुला हे सुचलं कसं? मी जन्मभर लोकांच्या डोळ्यांत बघत बसले आणि मला आमच्याच गावातलं हे दिसलं नाही.

तर काम ठरलं. पण तुझी घाई मला कळत नाही. बाईंनीच मला थांबवलं. त्या म्हणाल्या, "मावशी, सही केली की हे पैसे तुमचे राहणार नाहीत. उद्या तुम्हाला किंवा घरच्या कोणाला गरज पडली तरी आम्ही देऊ शकणार नाही. पुन्हा एकदा विचार करा." त्यांना मी सांगितलं, घरचा एकच आहे, त्यालाच विचारते.

म्हणून शेवटचं विचारते आहे. आहे का काही? आताच सांग.

ताई


६ एप्रिल

ताई,

काही नाही. साखर तपासली, तीही नाही.

तुला आठवतं ना, ही भट्टी घेतली तेव्हा भावजींना दुकानात काच घासायचं नवं मशीन घ्यायचं होतं. त्यांनी ते घेतलं नाही आणि पैसे मला दिले. पुढे कितीतरी वर्षं ते हाताने काचा घासत होते. त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, तूही नाही. मी मात्र प्रत्येक खेपेला तुमच्या दुकानात आलो की त्यांच्या बोटांकडे बघायचो. तेवढं मला पुरलं. आणखी माझ्या अंगावर घालू नकोस.

सही कर. त्या ड्रायव्हरच्या बायकोला रोज अंघोळ करू दे.

पत्र छोटं आहे, कारण हिचा हात दुखतो.

धाकटा


१४ जून

धाकट्या,

केली सही. गेल्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी. निधीचं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर आहे, जिना असा की देणारा धापा टाकतच देतो. बाईंनी सगळं पुन्हा वाचून दाखवलं. कायमचा निधी, मुद्दल अखंड, व्याज घरी जाणाऱ्या नर्सच्या कामाला, आणि दर वर्षी मला विचारून पुढचं ठरवायचं. निधीला नाव काय द्यायचं विचारलं. तुझ्या भावजींचं द्यावं असं वाटलं होतं, पण त्यांना दुकानाच्या पाटीवरसुद्धा आपलं नाव नको असायचं. बिननावाचाच ठेवला. बाहेर आल्यावर रस्त्यावर उभी राहून उगाच हसले. एक माणूस वळून बघत होता.

पहिल्या वर्षाचं व्याज निधीने आगाऊ दिलं, म्हणून या महिन्यापासून दुसरी नर्स लागली. ड्रायव्हरच्या घरी आता आठवड्यातून तीनदा जातात. हे तुझं काम आहे, मी फक्त पैसे दिले.

पण तू आहेस कुठे? फोन लावला की वहिनी उचलतात. तू कधी झोपलेला असतोस, कधी खाली गेलेला, मागच्या वेळी म्हणे फोनमध्ये तुझा आवाज नीट येत नाही. मग त्यांचा कसा येतो? मी काही बोलले असेन तर सांग. दुकानाचे पैसे तुला न देता गावाला दिले म्हणून कुठे काही सलतंय का? तू नको म्हणालास म्हणून दिले. पण माणूस नको म्हणतो आणि आत वेगळंच असतं, हे मला कळतं.

एकदा येऊनच जाईन म्हणते.

ताई


२२ सप्टेंबर

धाकट्या,

काल घरी पोचले. तुझ्यासमोर मला बोलता आलं नाही आणि तुला तर येतच नाही, म्हणून लिहिते.

मी न कळवता आले याचा वहिनींना राग आला असेल. येऊ दे. मी बेकरीत शिरले तेव्हा कारागिराने मला ओळखलं आणि त्याच्या हातातली पावांची लादी तशीच राहिली. मी विचारलं, मालक कुठे? तो म्हणाला, वर आहेत, आणि माझ्याकडे न बघता गिऱ्हाइकाकडे वळला. जिना चढताना मी मनात तुला सुनवायची भाषणं तयार करत होते.

दार उघडं होतं. तू खिडकीपाशी खुर्चीत होतास, गळ्याभोवती टॉवेल. वहिनी तुला दुधात कुस्करलेला पाव चमच्याने भरवत होत्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती. तू मला आधी बघितलंस आणि तोंड मिटून घेतलंस, म्हणून दूध हनुवटीवरून खाली आलं. वहिनी म्हणाल्या, "घ्या की, एवढंच राहिलंय." मग त्यांनी वळून बघितलं.

तू काहीतरी म्हणालास. मला एकही शब्द कळला नाही. वहिनींनी सांगितलं, "ते म्हणतात, ताई, वजन कमी केलंस." माझ्या भावाचं बोलणं मला दुसऱ्याने समजावून सांगावं लागलं.

डॉक्टरांचं सगळं वहिनींनी सांगितलं. डोकं शाबूत, पण मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही. आधी हात, मग जीभ, मग पाय, मग श्वास. औषध नाही. आणि हे तुला जानेवारीतच कळलं होतं. म्हणजे मी पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तुला माहीत होतं. मी दोनदा विचारलं. दोनदा, धाकट्या.

आज सकाळी निधीच्या ऑफिसात गेले. बाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, सगळे नकोत, माझ्या भावाकडे दिवसभर एक माणूस ठेवता येईल एवढेच परत द्या. त्यांनी माझी सही असलेला कागद समोर ओढला. मग म्हणाल्या, "मावशी, ते आता तुमचे नाहीत. माझेही नाहीत. कुणाचेच नाहीत, म्हणून तर ते टिकतात." मी विचारलं, मग नर्सला तरी त्याच्या गावी पाठवा. तुझं गाव आमच्या जिल्ह्याच्या हद्दीबाहेर. हद्दीत असतं तरी देणाऱ्याच्या नातेवाइकाला चालत नाही. मी अध्यक्षांना भेटले. त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभं राहून तेच सांगितलं. म्हणाले, हा नियम नसता तर तुम्हीही आमच्यावर विश्वास ठेवून पैसे दिले नसते. खरं आहे. मी दिले नसते.

एखादा नालायक माणूस सापडला असता तर मी त्याच्याशी भांडले असते, दारात बसले असते. तिथे सगळी चांगली माणसं आहेत. बाई जिन्यापर्यंत सोडायला आल्या आणि त्यांचेच डोळे भरलेले होते. मीच त्यांना म्हटलं, जाऊ द्या.

उतरताना खाली दुसरी नर्स स्कूटर लावत होती. ती मला हसली. माझ्या पैशांवर लागलेली मुलगी. चांगली मुलगी आहे. माझ्या मनात तिच्याबद्दल काय आलं ते मी लिहीत नाही.

का केलंस असं?

ताई


१० ऑक्टोबर

ताई,

ही एकेक शब्द तीनदा विचारून लिहिते. चूक झाली तर हिची नाही.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं की पैसे ओतले तर काय होईल. ते म्हणाले, काही नाही. मोठ्या शहरात न्या, परदेशात न्या, शेवट तोच. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत तुझं पत्र आलं. मला दिसलं की तू दुकान, बँक, खोल्या, सगळं माझ्यावर उधळशील आणि मी तरीही जाईन, मग तू रिकामी बसशील. भावजींनी हाताने काचा घासलेल्या मला आठवल्या. म्हटलं, एकदा तरी या बाईचं देणं वाया न जाता कुठेतरी राहू दे. ते नर्सचं मी माझ्यावरूनच लिहिलं. गिऱ्हाइक कोणी नव्हतं.

मला वाटलं होतं, मी फार मोठं काम करतोय. खरं सांगतो, ते सहा महिने मी खुशीत होतो.

तेव्हा मला एक कळलं नव्हतं. मला वाटलं, मी माझ्या वाट्याचं नाकारतोय. माझ्या वाट्याला होतंच काय? मला वळवलं काय, नाही वळवलं काय. पैसे असते तर ते हिच्या वाट्याचे होते. गेल्या आठवड्यात मला खुर्चीतून उचलताना हिच्या कमरेत काहीतरी झालं. ही माझ्यासकट खाली बसली आणि आम्ही दोघं कारागीर येईपर्यंत जमिनीवर तसेच राहिलो. मला हिचा हात धरता येत नव्हता. तेव्हा कळलं. मी हिचं देऊन टाकलं, ताई. हिला न विचारता.

आता चुकलं म्हणून उपयोग नाही. तू म्हणालीस तसं, नियम बरोबर आहे.

धाकटा

वन्सं, यापुढचं माझं आहे, यांनी सांगितलेलं नाही. हात भाजला म्हणून लिहायला यांनी मला शपथ घातली. ती सगळी खोटी पत्रं मी माझ्या अक्षरात लिहिली. तुमच्या पहिल्या दोन्ही पत्रांत "काही हवंय का" असं होतं. ते मीच यांना वाचून दाखवायची, कारण यांना कागद धरता येत नव्हता. वाचताना मी थोडी थांबायची. यांना वाटायचं, मला दम लागलाय. तुम्ही दोघं भावंडं एकमेकांना देत होतात. फार चांगलं दिलंत. मला कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं तर मी "हो, हवंय" म्हटलं असतं. कमरेला पट्टा बांधला आहे. स्वयंपाक होतो. यांना उचलणं होत नाही.


२४ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र तुम्हाला. त्याला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मी माझ्या भावाला विचारलं आणि त्यालाच विचारणं म्हणजे घराला विचारणं असं धरून चालले. तुम्ही फोन उचलायच्या तेव्हा मी फक्त "तो कुठाय" एवढंच विचारायची.

मी माझ्या खोल्या सोडते आहे. घरमालकाला सांगितलं. जे भाडं जातं त्यात तुमच्याकडे सकाळी दोन-तीन तास एक मदतनीस ठेवता येईल, चौकशी करून ठेवा. बाकीच्या वेळेला मी. याहून जास्त पैसे मी देऊ शकत नाही, हात देऊ शकते. तेही फार तरुण नाहीत.

मधल्या दिवसांत मी एक केलं. आमच्याकडच्या पहिल्या नर्सला विचारलं, मला शिकवशील का. तिने ऑफिसला विचारलं. मी अजून याच जिल्ह्यात राहते, म्हणून मला शिकवायला नियम आड येत नाही. तेव्हा मी रोज तिच्याबरोबर जाते. चादरीने कुशीवर वळवणं जमायला लागलं आहे. बसड्रायव्हरच्या अंगावर शिकले. तो माझ्याकडे बघत असतो, आणि त्याची बायको निवांत अंघोळीला जाते. पहिल्यांदा मी जोर चुकीचा लावला आणि त्याने डोळे घट्ट मिटले. मी माफी मागितली. नर्स म्हणाली, "माफी नको, गुडघा पलंगाला टेकवा."

गुरुवारच्या गाडीने येते. माझ्यासाठी वेगळं काही मांडू नका. त्याच्या खोलीत जमिनीवर गादी चालेल. तो "येऊ नकोस" म्हणेल. तुम्ही मला ते समजावून सांगू नका, म्हणजे झालं.

तुमची वन्सं


३ मार्च

सल्लागार बाई,

तुमचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण इथे लिहायला बसायचं म्हणजे दोघींपैकी एकीला उठावं लागतं.

बसड्रायव्हर गेल्याचं वाचलं. त्यांच्या बायकोला माझा निरोप सांगा. काय निरोप द्यायचा ते मला सुचत नाही, तुम्हीच नीट काहीतरी सांगा.

तुम्ही लिहिता की नर्सच्या कामाला यंदा सरकारकडून थोडी मदत मिळाली आहे, म्हणून माझ्या निधीचं या वर्षीचं व्याज तिसऱ्या नर्ससाठी द्यायचं, की त्यातलं अर्धं कालव्याजवळच्या शाळेला मैदान करायला द्यायचं, हे मी सांगावं. मला ठरवता येईना. पैसे माझे नाहीत हे तुम्ही मला चांगलं समजावलं आहे, पण दर वर्षी विचारणार मलाच. म्हणून मी भावाला विचारायचं ठरवलं. हे काम त्यानेच निवडलं होतं.

तो आता अजिबात बोलत नाही. डिसेंबरपासून मानही धरत नाही. मी आणि वहिनी दोघी मिळून त्याला वळवतो. सकाळची मदतनीस चांगली आहे पण तिचंही घर आहे, कधी येते, कधी येत नाही. मला वाटलं होतं, मी आले की वहिनींचं ओझं अर्धं होईल. तसं झालं नाही. त्या आता त्याला सांभाळतात आणि मला काही होऊ नये म्हणून मलाही सांभाळतात. परवा मी बादली उचलली तर त्यांनी हातातून काढून घेतली. म्हणाल्या, "एक पडला आहे तेवढा पुरे."

आमच्यात आणि त्याच्यात एक ठरलेलं आहे. डोळे मिटले की हो, उघडे ठेवले की नाही. पाणी हवं का, कूस बदलू का, खिडकी लावू का, एवढं त्यावर निभतं. कधी तो काहीतरी मोठं सांगू बघतो, तेव्हा आम्ही दोघी तासभर अंदाज करत बसतो आणि शेवटी तोच डोळे फिरवून भिंतीकडे बघतो. मग आम्ही थांबतो.

काल दुपारी मी त्याच्यासमोर बसले आणि तुमचं पत्र सगळं वाचून दाखवलं. वहिनी पलंगाच्या पायथ्याशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी विचारलं, "तिसरी नर्स?" त्याने डोळे उघडेच ठेवले. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा विचारलं. तो माझ्याकडे सरळ बघत राहिला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी ते पुसलं.

का नाही म्हणाला ते मला कळलं नाही. रागावून म्हणाला असेल, की या आजाराचं नावही नको झालं असेल, की वहिनींसमोर पुन्हा दुसऱ्याच्या घरी नर्स पाठवायला त्याला लाज वाटली असेल. विचारायची सोय नाही. एकेक प्रश्न विचारला असता, पण तो दमला होता.

मग मी म्हटलं, "मुलांचं मैदान?" त्याने डोळे मिटले.

मी वाट बघितली. ते त्याने परत उघडले नाहीत. वहिनींनी घडी खाली ठेवली, जवळ येऊन त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वन्सं, झोप लागली आहे त्यांना." असेल. तो असाच मधेच झोपतो. तो उठल्यावर पुन्हा विचारायचं मी ठरवलं होतं. पण उठल्यापासून त्याचा श्वास बरोबर नाही, दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले, आणि आता त्याला काही विचारायला वहिनी मला देत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

तुम्हाला या आठवड्यात उत्तर हवं आहे. मी प्रश्न विचारला आणि त्याने डोळे मिटले, एवढंच मला ठाऊक आहे. मैदानाला 'हो' लिहा.